तेल भडकलंय! इंधन बदलू, गाडी बदलू, की मीच बदलू?

अर्धी टाकी
मंडळी, पूर्वी पंपावर "फुल कर" एवढंच म्हणायचो. मग रक्कम सांगून भरायला लागलो. काल पंपावरच्या पोराने "किती टाकू?" विचारलं आणि मी काट्याकडे बघत मनातल्या मनात हिशोब करत बसलो. मागच्याने हॉर्न मारला तेव्हा भानावर आलो.

परिस्थिती अशी. नऊ वर्षांची छोटी पेट्रोल कार, बारा वर्षांची स्कूटर (सध्या कव्हर पांघरून झोपलेली), ऑफिस चौदा किलोमीटरवर, घरात चार माणसं. कारला गॅस किट बसवावं, की ती विकून इलेक्ट्रिक घ्यावी? इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांबद्दलही ऐकतोय. बायको म्हणते काही करू नका, तेल चढतं तसं उतरतं.

कारचं ॲव्हरेजही हल्ली पडलंय, पूर्वी सोळा द्यायची, आता जेमतेम तेरा. वय झालं असेल. तिचंही.

एक विनंती, पर्यावरणावर प्रवचन नको. खिशाचं बोला, आणि स्वतःच्या अनुभवाचं बोला.

टोमणा
ऑफिस घराजवळ आणा. पुढचा प्रश्न?

नवा प्लग
इलेक्ट्रिक घ्या, डोळे झाकून घ्या. (चालवताना उघडे ठेवा.) दोन वर्षं झाली, माझी स्कूटर एका युनिटमध्ये तीसच्या वर किलोमीटर जाते. ऑइल बदलणं नाही, प्लग साफ करणं नाही, चोक नाही. पंपाच्या रांगेत शेवटचा कधी उभा होतो ते आठवत नाही.

त्रास एकच. आमच्या इमारतीत खाली पॉइंट नाही, म्हणून बॅटरी काढून वर न्यावी लागते. दहा किलोच्या आसपास वजन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पहिल्या आठवड्यात उजवा खांदा धरला. आता एक दिवस उजव्या हाताने, एक दिवस डाव्या हाताने.

धूरधूर
आणि ती वीज कुठून येते? आकाशातून? कोळसा जाळूनच ना? धूर तुमच्या शेपटीतून निघण्याऐवजी दुसऱ्या कुणाच्या दारात निघतो, एवढाच फरक.

अर्धी टाकी
धूरधूर, प्रवचन नको म्हटलं होतं की हो.

चष्मिष
प्रवचन नको, गणित चालेल?

पेट्रोलमध्ये शंभर भाग ऊर्जा आहे असं धरा. इंजिन, गियर, सगळं पार करून चाकापर्यंत वीस ते तीस भाग पोचतात. बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जाते. म्हणजे तुमची कार ही मुळात चाकांवरची शेगडी आहे, ती जाता जाता थोडी पुढेही सरकते.

आता कोळसा. वीजकेंद्रात शंभरातले पस्तीस-चाळीस भाग वीज होतात. तारांमध्ये थोडे गळतात, चार्जिंगमध्ये थोडे, मोटरमध्ये दहा-पंधरा टक्के. गुणाकार करत गेलात की चाकाशी पंचवीसच्या आसपास उरतात. म्हणजे सगळी वीज कोळशाची असेल तर ऊर्जेच्या हिशोबात दोघं शेजारीशेजारी बसतात. धूरधूर यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

फरक दोन ठिकाणी पडतो. वीज पाण्यापासून, वाऱ्यापासून, उन्हापासून, अणूपासून कशीही बनते आणि गाडीला त्याचं काही पडलेलं नसतं. दुसरं म्हणजे ब्रेक दाबला की मोटर उलटी जनरेटर होते आणि गेलेली ऊर्जा थोडीफार परत बॅटरीत भरते. तुमच्या कारचा ब्रेक फक्त पॅड तापवतो.

पुढचा सिग्नल
मग हायब्रिडचं (इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेल्या गाडीचं) नाव कुणीच का घेत नाही? ती ब्रेकमधली ऊर्जा हायब्रिडही परत घेते, आणि प्लग शोधत फिरावं लागत नाही. माझ्याकडे आहे. शहरातल्या रडतखडत ट्रॅफिकमध्ये जीव लावते, इंजिन निम्मा वेळ बंदच असतं. हायवेला मात्र कौतुक ओसरतं. ब्रेकच नाही मारायचा तर परत काय मिळवणार?

गॅरेजकाका
तीस वर्षं हात काळे केलेत, म्हणून किटबद्दल बोलतो.

पोरा, किट लावायच्या आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासून घे. गॅस कोरडा जळतो. नऊ वर्षांच्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या सीट आधीच खाल्लेल्या असतील तर गॅसवर आणखी लवकर झिजतील. आणि इग्निशन थोडं जरी अशक्त असलं तरी ते गॅसवर लगेच उघडं पडतं. पेट्रोलवर तीच गाडी कुरकुर न करता पळते, गॅसवर चढाला आचके देते, आणि गिऱ्हाईक किटवाल्याला शिव्या घालत माझ्याकडे येतं. निम्म्या वेळा कॉइल नाहीतर वायर गेलेली असते. प्लग बदल, गॅप थोडी कमी ठेव, मग बोल.

गॅस सिलिंडरमधून थेट येतो तो हवेची जागा अडवतो, त्यामुळे पिकअप थोडा मरणारच. सीएनजीची टाकी दोनशे बारच्या दाबाची, लोखंडी, जड. डिकी गेली म्हणून समज. एलपीजीची टाकी हलकी, कारण तो थोड्या दाबालाच पातळ होतो. पण तो हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. सीएनजी हलका, वर उडून जातो. एलपीजीची गाडी मी खड्ड्यावर कधी घेत नाही, रॅम्पवरच चढवतो. आणि स्वयंपाकाचा सिलिंडर गाडीला जोडणारे महाभाग आहेत ना, त्यांना मी दारातूनच परत पाठवतो.

आणखी एक. गॅसवर चालवायची म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नकोस. पंप टाकीतच बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. वर्षभर गॅसवर चालवून शेवटी पंप जाळून आलेले किती दाखवू?

बाकी ॲव्हरेज सोळावरून तेरावर आलंय ते वयाने नाही. दहा किलोमीटर चालव, ब्रेक फारसा न मारता थांब, उतर आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात ने. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर मला सांग. किट-बिट नंतर बघू.

सायकलस्वारी
काकांच्या प्रतिसादाला दंडवत. वाचनखूण साठवली.

पाण्यावरची गाडी
तुम्ही सगळे उगाच डोकं खाताय. माझ्या मित्राच्या मित्राने गाडीत एक बरणी बसवली आहे. बॅटरीने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन इंजिनात सोडतो. ॲव्हरेज दीडपट! तेल कंपन्या हे बाहेर येऊ देत नाहीत.

टोमणा
पाण्यावर चालणारं वाहन फार जुनं आहे. होडी म्हणतात त्याला.

चष्मिष
पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. राख परत पेटवण्यातला प्रकार. विघटनाला लागणारी वीज अल्टरनेटर देणार, अल्टरनेटरला इंजिन फिरवणार, इंजिनाला पेट्रोल. प्रत्येक पायरीवर गळती. हायड्रोजन जळून जेवढं परत देईल त्यापेक्षा त्याला सोडवायला जास्त लागणार, यात कंपन्यांचं कारस्थान नाही.

अमेरिकेतल्या स्टॅन्ली मेयर यांनी पाण्यावर गाडी चालवल्याचा दावा केला होता. पैसे गुंतवलेल्या लोकांनी खटला भरला आणि १९९६ साली ओहायोच्या न्यायालयाने ती फसवणूक ठरवून पैसे परत करायला लावले.

खरा हायड्रोजन वेगळा. विजेने पाण्यातून काढायचा, सातशे बारला दाबायचा, गाडीतल्या फ्युएल सेलमध्ये परत वीज करायची. होतं, पण मूळ विजेतला तिसरा हिस्साच चाकापर्यंत येतो. तीच वीज बॅटरीत भरली तर तीन चतुर्थांश येते. जड ट्रक, जहाजं, पोलाद अशा जागी हायड्रोजनला काम असेल. चौदा किलोमीटरवरच्या ऑफिसला नाही.

पाण्यावरची गाडी
मी फक्त मित्राचं सांगितलं.

गॅरेजकाका
मित्राच्या मित्राचं.

उसातला कोल्हा
इथेनॉलचं कुणी बोलेना म्हणून आलो. काही वर्षं डिस्टिलरीत काढली आहेत.

मळीपासून किंवा रसापासून अल्कोहोल करणं सोपं काम. कठीण भाग शेवटचा. ऊर्ध्वपातन कितीही करा, साडेपंच्याण्णव टक्क्यांच्या पुढे ते जात नाही, उरलेलं पाणी चिकटून बसतं. ते काढायला बारीक छिद्रांच्या दाण्यांनी भरलेल्या उभ्या टाक्या असतात. पाण्याचे रेणू छिद्रांत अडकतात, अल्कोहोल बाहेर येतं. रात्रपाळीला त्या टाक्यांचे व्हॉल्व्ह दर काही मिनिटांनी फुस्स करून बदलायचे. त्या आवाजाची इतकी सवय होती की आवाज थांबला तर जाग यायची. (जागा असायचो हो, कामावर झोपत नव्हतो. हलके घ्या.)

एवढा खटाटोप कशाला? कारण पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला जास्त पाणी मिळालं की ते पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर जातं आणि टाकीच्या तळाशी थर करून बसतं. इंजिनाला पहिला घोट तोच मिळतो. म्हणून धागाकर्ते, ती कव्हरखालची स्कूटर सुरू करणार असाल तर आधी टाकी रिकामी करा.

आता खिशाचं. लिटरला पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये २१. म्हणजे दोन तृतीयांश. दहा टक्के मिसळलं तर लिटरमागे साडेतीन टक्के ऊर्जा कमी, वीस टक्के मिसळलं तर सात टक्के. ऑक्टेन (म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याचा गुण) जास्त असल्यामुळे त्याच्यासाठी बनवलेलं जास्त कॉम्प्रेशनचं इंजिन यातलं काही भरून काढतं. तुमचं नऊ वर्षांचं इंजिन नाही काढणार. उलट जुन्या नळ्या आणि वॉशर तपासा, काही रबरांना इथेनॉल मानवत नाही.

अर्धी टाकी
म्हणजे माझं तेराचं ॲव्हरेज...?

उसातला कोल्हा
सोळाचे तेरा म्हणजे जवळजवळ एकोणीस टक्के घट. तेवढं पाप इथेनॉलच्या माथी मारू नका. काकांनी सांगितलेला हात लावून बघितलात का?

इतिहासखोर
कोल्होबांनी दोन तृतीयांश म्हटलं त्यावरून आठवलं. ब्राझीलमध्ये गाडीवाले पंपावर एक साधा नियम वापरतात. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांपेक्षा कमी असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. त्यांच्या गाड्या दोन्ही पितात.

पण हे शहाणपण फुकट नाही आलेलं. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो काही महिन्यांत चौपट झाला. ब्राझील तेव्हा बहुतेक तेल आयात करत होता. १९७५ साली त्यांनी उसापासून अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, १९७९ मध्ये फक्त अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या आल्या आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत बहुसंख्या त्यांचीच होती. सकाळच्या गारठ्यात अल्कोहोल पेट घेत नाही, म्हणून त्या गाड्यांना सुरू करण्यापुरती पेट्रोलची एक छोटी टाकी असायची.

मग १९८६ ला तेल कोसळलं. पुढे साखरेचा भाव चढला आणि कारखाने साखरेकडे वळले. दशक संपता संपता अल्कोहोलच्या पंपांवर रांगा. ज्यांनी सरकारच्या शब्दावर गाडी घेतली ते रांगेत. लोकांनी अल्कोहोलच्या गाड्या घेणंच सोडून दिलं. २००३ मध्ये दोन्ही पिणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा कुठे विश्वास परत आला.

तेव्हा धागाकर्ते, एकाच इंधनाला बांधून घेणारी गाडी घेताना हे लक्षात असू द्या.

नवा प्लग
हा टोला मला होता का?

इतिहासखोर
तुमच्या खांद्याला होता.

आणि तिसरा मजला जड वाटत असेल तर दुसऱ्या महायुद्धातल्या युरोपकडे बघा. पेट्रोल सैन्याला, म्हणून लोक लाकडावर मोटारी चालवायचे. मागे बंब जोडलेला. त्यात लाकडाचे ठोकळे अपुऱ्या हवेत जाळायचे, निघालेला वायू गाळून, थंड करून इंजिनात. लिटरभर पेट्रोलच्या जागी अडीच-तीन किलो लाकूड. सकाळी निघायच्या आधी बंब पेटवायचा आणि वायू धरेपर्यंत उभं राहायचं. वाटेत थांबून राख काढायची, ठोकळे भरायचे. शिवाय त्या वायूतला जळणारा मुख्य भाग म्हणजे विषारी कार्बन मोनॉक्साइड, बंद गॅरेजमध्ये माणसं मेली आहेत. तरी अशा लाखो गाड्या धावल्या. युद्ध संपलं, पेट्रोल आलं, आणि बंब एका रात्रीत भंगारात.

टोमणा
म्हणजे "गाडी तापलीये, थांब" याचा अर्थ तेव्हा शुभ होता.

धूरधूर
मोगली एरंडाचं कुणाला आठवतं का? वीसेक वर्षांपूर्वी जिकडेतिकडे तेच. पडीक जमिनीत लावा, पाणी नको, खत नको, बियांतून डिझेल काढा. कितीतरी देशांत लागवडी झाल्या. पडीक जमिनीत झाड जगलं, बियाच धरेनात. चांगलं पीक हवं तर पाणी, खत, चांगली जमीन लागते. आणि ती असेल तर माणूस एरंड कशाला लावेल?

गॅरेजकाका
बायोडिझेल वाईट नाही. खुद्द डिझेलचं इंजिन १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण आजचे इंजेक्टर त्या इंजिनासारखे राकट नाहीत. नुसतं तळणीचं तेल ओतून आलेला एक टेम्पो होता माझ्याकडे. ड्रायव्हर खुशीत, म्हणे धुराला भज्यांचा वास येतो. तिसऱ्या महिन्यात इंजेक्टरच्या तोंडावर डिंकासारखा थर. खरवडता खरवडेना. तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट, फवारा बारीक होत नाही, अर्धं जळतं, अर्धं चिकटतं. त्याच्यावर मेथेनॉल आणि कॉस्टिकची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढलं की मग ते बायोडिझेल.

आणि तेही पहिल्यांदा भरलं की जुन्या टाकीतला गाळ सोडवून आणतं. हजार-दोन हजार किलोमीटरात फिल्टर चोंदला तर घाबरायचं नाही, बदलायचा.

शेजारीणबाई
तुम्ही सगळे टाकीत काय ओतायचं तेच बोलताय. आम्ही चौघींनी माणसंच वाढवली. चार गाड्या जायच्या त्याऐवजी एक. इंधन तेच, खर्च पाव.

सोपं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात गाण्यांवरून भांडण. एकीला रोज सात मिनिटं उशीर. दुसरी फोनवर आईशी बोलायची ते सगळ्यांना ऐकावं लागायचं, तिच्या वहिनीचं सगळं आम्हाला पाठ आहे. शेवटी नियम केले. आठ वाजून पाच मिनिटांनी गाडी हलते, कुणी असो नसो. जिची गाडी तिचं गाणं. पैशांचा हिशोब महिन्याच्या शेवटी, वाटेत नाही. दीड वर्ष झालं, टिकलंय. वहिनी मात्र अजून सुधारलेली नाही.

सायकलस्वारी
ताई, वहिनीवर वेगळा धागा काढा.

माझं गणित वेगळं आहे. चष्मिष सरांनी तपासावं. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. सपाट रस्त्यावर आरामात सायकल मारली तर किलोमीटरला पंचवीसेक लागतात. म्हणजे माझं ॲव्हरेज तीनशे!

चष्मिष
गणित बरोबर. त्याचं उलट टोकही बघा. हजार किलोच्या गाडीत पासष्ट किलोचा माणूस. पेट्रोलमधले पंचवीस टक्के चाकापर्यंत येणार, त्यातला सहा टक्के माणसाच्या वाट्याचा. टाकीतल्या शंभर थेंबांतला दीड थेंब तुम्हाला हलवतो. बाकी सगळे गाडी हलवतात, नाहीतर हवा तापवतात. शेजारीणबाई जे करतात ते म्हणजे तो दीडचा आकडा पाचवर नेणं. तेवढी सुधारणा कुठल्याही नव्या इंधनाने होत नाही.

दर्यावर्दी
जहाजावर इंजिनात असतो, तिथलं सांगतो. २००८ मध्ये तेल १४७ डॉलरपर्यंत गेलं आणि पाठोपाठ मंदी आली. तेव्हा कंपन्यांनी ना इंधन बदललं ना इंजिन. वेग कमी केला. चोवीस-पंचवीस नॉटसाठी (ताशी सागरी मैलांसाठी) बांधलेली कंटेनर जहाजं अठरा-वीसने जायला लागली. जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबाने वाढते. वेग दहा टक्के उतरवा, ताकद सत्तावीस टक्के उतरते. प्रवास लांबतो म्हणून फेरीमागे बचत एकोणीसच्या आसपास पडते, पण एकोणीस टक्के म्हणजे टनावारी तेल.

आम्हाला त्रास असा की इतक्या कमी भारावर इंजिनात काजळी धरायची. मग मधूनच काही वेळ जोरात पळवून ती जाळायची. कॅप्टन वैतागायचा.

इतिहासखोर
रस्त्यावरही हेच केलं होतं. अमेरिकेने १९७४ च्या जानेवारीत देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आणली, म्हणजे ८९ किलोमीटरच्या आत. लोकांनी मनसोक्त मोडली, १९९५ ला ती पूर्ण रद्द झाली. नेदरलँड्सने आणखी पुढची पायरी गाठली, ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार मोटारी बंद. रिकाम्या महामार्गांवर पोरं स्केटिंग करत होती, लोक घोडे घेऊन आले होते.

चष्मिष
गाडीला हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून ११० वर गेलात की दर किलोमीटरला हवेशी झुंजायला जवळजवळ दीडपट ऊर्जा. शंभर किलोमीटरात वाचतात बारा मिनिटं.

शेवटचा डबा
आणि रेल्वे? कुणीच नाही? पोलादी चाक पोलादी रुळावर, रबरी टायरच्या तुलनेत घरंगळण्याचा विरोध दहावा हिस्सा सुद्धा नसतो कधीकधी. मागचा डबा पुढच्याच्या आडोशाला, म्हणून हवाही कमी लागते. जिथे रेल्वे जाते तिथे हा धागाच लागत नाही.

टोमणा
जिथे बसायला जागा मिळते तिथे म्हणा.

हवा टाईट
एक साधी टीप. मी उताराला नेहमी न्यूट्रल करतो. फुकटात किलोमीटर. वर्षानुवर्षं करतोय.

गॅरेजकाका
आणि वर्षानुवर्षं चूक करतोयस. कार्ब्युरेटरच्या काळातलं आहे हे. आता इंजेक्शनची गाडी गियरमध्ये ठेवून पाय उचललास की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलंस की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावं लागतं. वर उताराला इंजिनाचा ब्रेक गेला, सगळा भार पॅडवर.

हवा टाईट
काका, सपाटीला? पाय उचलला की गियरमध्ये गाडी लवकर मरते. न्यूट्रलला लांब जाते.

गॅरेजकाका
सपाटीला तुझं म्हणणं खरं आहे, लांब जाते. पण लोक सांगतात उताराचं आणि करतात घाटात. घाटात नको म्हणजे नको.

बाकी तुझ्या नावाप्रमाणे हवा ठेवत जा. पाच-सहा पीएसआय कमी असेल तर टक्काभर तिथेच जातो, टायर कडेला झिजतो तो वेगळा.

नवा प्लग
एक कबुली द्यायची आहे. धागा वाचून काल जुन्या गाडीच्या सर्व्हिसच्या पावत्या काढल्या आणि रीडिंग जुळवून बघितलं. पेट्रोलची स्कूटर होती तेव्हा महिन्याला चारशे किलोमीटर व्हायचे. आता आठशे. "काय, स्वस्तातच तर जाते" म्हणून कोपऱ्यावरही तीच घेऊन जातो.

धूरधूर
हे १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने सांगून ठेवलंय. वाफेची इंजिनं कमी कोळशात जास्त काम करायला लागली तर कोळसा कमी जळेल असं सगळ्यांना वाटलं, तो म्हणाला उलट जास्त जळेल. तरी प्रामाणिकपणाबद्दल प्लगरावांचं अभिनंदन. आज पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत.

टोमणा
नोंद घ्यावी. पानावर आग लागलेली नाही.

अर्धी टाकी
तीन आठवडे गायब होतो, माफी. गृहपाठ करत होतो.

बायकोच्या "उतरेल आपोआप" या मुद्द्यावर इतिहासखोरांना विचारणार होतो, पण शोधलं तर २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला होता, उणे ३७ डॉलर. घ्यायला जागा नाही म्हणून विकणारा वर पैसे देत होता. आणि दोन वर्षांत परत शंभरावर. म्हणजे तिचंही बरोबर, माझंही बरोबर. घरात शांतता आहे.

गृहपाठ असा. मुलीची एक जुनी वही कारमध्ये ठेवली, पेन दोऱ्याने आरशाला बांधलं, आणि प्रत्येक वेळी रीडिंग लिहिलं. कुठे, किती, किती जण. तीन आठवड्यांत एकोणसाठ फेऱ्या. मी समजत होतो पेट्रोल ऑफिस खातं. ऑफिसच्या फेऱ्या तीस. उरलेल्या एकोणतीसपैकी सव्वीस तीन किलोमीटरच्या आतल्या. क्लास, औषधं, विसरलेली औषधं, क्लासमधून परत. प्रत्येक वेळी थंड इंजिन, आणि ते तापायच्या आत पोचलेलो. टाकी टू टाकी बघितलं तर ज्या आठवड्यात अशा फेऱ्या जास्त, त्याच आठवड्यात ॲव्हरेज सगळ्यात कमी.

चष्मिष
थंड इंजिनाला जास्त पेट्रोल पाजावं लागतं, ऑइलही दाट असतं. पहिले तीन-चार किलोमीटर सगळ्यात महागडे. त्या छोट्या फेऱ्यांत तुम्ही फक्त तेवढेच चालवत होतात.

अर्धी टाकी
हो ना! तर स्कूटरची टाकी कोल्होबांच्या सल्ल्याने रिकामी केली. बाटलीत काढलं तर खाली खरंच वेगळा थर दिसला, बोटभर. नवं पेट्रोल, नवा प्लग (तुम्ही नाही हो), बाविसाव्या किकला सुरू झाली. छोट्या फेऱ्या आता तिच्यावर, आणि क्लासला मुलगी सायकलने जाते, कुरकुरत.

गॅस किट आणि इलेक्ट्रिक दोन्ही सध्या कपाटात. आधी वही वर्षभर भरू दे.

आणि काका, तुमचं ते हात लावायचं. तीन चाकं कोमट. मागचं डावं असं तापलेलं की हात ठेववेना.

गॅरेजकाका
मागे ड्रम ब्रेक आहेत ना? मग आधी हँडब्रेकची केबल बघ. आत गंजून अडकलेली असते, सोडला तरी पूर्ण सुटत नाही.

अर्धी टाकी
केबलच निघाली. काल बदलली. ढकलली तर एका हाताने सरकते आता.